टाकीत उरलेली केबल

फेब्रुवारी २०२२ मध्ये दक्षिण पॅसिफिकमधल्या टोंगा या बेटांच्या देशाच्या समुद्रात ‘रिलायन्स’ नावाचं एक जहाज तुटलेली केबल जोडत होतं. (आपलं रिलायन्स नव्हे. अमेरिकेच्या सबकॉम कंपनीचं हे केबल दुरुस्तीचं जहाज.) हुंगा टोंगा-हुंगा हाआपाई ज्वालामुखी फुटून महिना उलटून गेला होता. राखेने करडी पडलेली घरं, लाटेने धुऊन नेलेल्या वस्त्या, ५७ किलोमीटर उंच गेलेला तो राखेचा स्तंभ, हे सगळं जगाने बघून झालं होतं आणि बातम्या पुढे सरकल्या होत्या. २२ फेब्रुवारीला केबल जोडली गेल्याची बातमी आली. तिच्या पोटात एक ओळ होती, सहज नजरेतून सुटावी अशी: दुरुस्ती करता करता जहाजावरची सुटी केबल संपत आली, आणि दुसऱ्या केबल कंपन्यांच्या साठ्यातले तुकडे उसने घेऊन काम पुरं करावं लागलं.

ती ओळ काही केल्या डोक्यातून जात नाही.

लाखभर वस्तीचा देश, पावणेदोनशेच्या घरात बेटं, आणि बाहेरच्या जगाशी जोडणारी केबल एक. फिजीतल्या सुव्यापासून टोंगाची राजधानी नुकुआलोफापर्यंत ८२७ किलोमीटर, ऑगस्ट २०१३ मध्ये सुरू झालेली. त्याआधी सगळा भार उपग्रहावर होता. भूस्थिर उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर बसलेला असतो. तिथे जाऊन परत यायला सिग्नलला जो वेळ लागतो त्यामुळे फोनवर बोलताना दोघंही एकदम बोलतात आणि दोघंही एकदम थांबतात. केबलमधून सुव्याला जायला प्रकाशाला चार मिलिसेकंद पुरतात. नऊ वर्षांत सगळा देश त्या चार मिलिसेकंदांवर येऊन बसला. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेतल्या नातेवाईकांनी पाठवलेला पैसा म्हणजे टोंगाच्या अर्थव्यवस्थेच्या जवळपास चाळीस टक्के, आणि तो पैसा हातात पडायचा तर पाठवणाऱ्या दुकानाच्या काउंटरवर नेट चालू हवं. असा देश ३८ दिवस केबलविना राहिला. तो कशावर अडला, तर एका बाजूला गुंडाळून ठेवलेल्या सुट्या केबलच्या लांबीवर. पैशाची किंवा तंत्राची अडचण समजू शकते. ही अडचण पटकन समजत नाही, म्हणून ती नीट उलगडून बघावीशी वाटते.

खोल समुद्रातली केबल दिसायला अगदी क्षुल्लक असते. व्यास जेमतेम १७ मिलिमीटर. मधोमध केसाएवढे काचेचे तंतू, जेलीसारख्या वंगणात बुडवलेले, पोलादाच्या बारीक नळीत. नळीभोवती पोलादी तारांचा पीळ. सगळा ताण तो घेतो. त्यावर तांब्याचा पत्रा घट्ट गुंडाळून केलेली नळी, आणि बाहेरून पांढरट किंवा काळं पॉलिथिलीन. बस. तांबं असतं ते विजेसाठी. लांब केबलमध्ये प्रकाश दर ६० ते १०० किलोमीटरला मंदावतो, त्याला पुन्हा जोर देणारे रिपीटर वाटेत बसवलेले असतात, आणि त्यांना किनाऱ्यावरून साधारण एक अँपिअरचा ठरावीक प्रवाह पुरवला जातो. प्रवाह एवढासा, पण लांबी जास्त म्हणून दाब हजारो व्होल्टचा. पॉलिथिलीनला नुसता ओरखडा जाऊन तांबं समुद्राच्या पाण्याला लागलं तरी प्रवाह तिथूनच पाण्यात उतरतो. गंमत अशी की तंतू शाबूत असतील तर अशी जखमी केबलही चालू ठेवता येते. दोन्ही टोकांचे दाब कमीजास्त करून जखमेच्या जागीच शून्य आणायचं, समुद्रालाच अर्थिंग करायचं, आणि जहाज येईपर्यंत ढकलायचं.

किनाऱ्याजवळ येता येता तीच केबल जाड होत जाते. हजार-दीड हजार मीटरपेक्षा उथळ पाण्यात तिच्यावर पोलादी तारांचं एक चिलखत चढतं, किनाऱ्याजवळ दोन, आणि प्रवाळाच्या रांगेवरून जाताना त्यावर बिडाच्या दोन अर्ध्या नळ्या बोल्टने आवळतात, म्हणजे वादळात लाटांनी ती खडकावर घासून झिजू नये. हे सगळं माणसापासून आणि लाटेपासून संरक्षण. जगात दरवर्षी दीडशे-दोनशे ठिकाणी केबल बिघडतात आणि त्यातले बहुतेक बिघाड मासेमारीच्या जाळ्यांनी आणि नांगरांनी होतात. टोंगालाही पहिला मोठा फटका नांगरानेच बसला होता. २० जानेवारी २०१९ ला केबल गेली, ती एकाहून अधिक ठिकाणी तुटलेली निघाली, ठपका आला एका जहाजाच्या ओढत गेलेल्या नांगरावर. जवळपास दोन आठवडे देश तुटपुंज्या उपग्रह जोडणीवर राहिला, ती पुरावी म्हणून समाजमाध्यमं बंद ठेवली गेली. तेव्हा सगळे म्हणाले की आता पर्यायी व्यवस्था हवी. म्हणाले.

खोल पाण्यातल्या केबलला चिलखत नसतं, कारण तिथे तिला कोणी हात लावणार नाही असं गृहीत धरलेलं असतं. १५ जानेवारी २०२२ च्या संध्याकाळी ते गृहीतक मोडलं.

ज्वालामुखी केबल कसा तोडतो? लाव्हाने वितळवून नाही, आणि त्सुनामीनेही नाही. खोल पाण्यात त्सुनामी जाणवतसुद्धा नाही. वर फेकली गेलेली राख आणि दगडगोटे प्रचंड प्रमाणात परत समुद्रात कोसळले, ज्वालामुखीच्या पाण्याखालच्या तीव्र उतारावर. पाण्यात मिसळलेला तो जड गाळ उतारावरून सुटला आणि समुद्राच्या तळाने धावत निघाला. २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी या प्रवाहाचा वेग काढला तो ताशी १२२ किलोमीटरपर्यंत, आणि तो शंभर किलोमीटरहून लांब गेला. वेग कसा काढला, तर केबलवरूनच. आधी देशातल्या बेटांना जोडणारी केबल गप्प झाली, नंतर फिजीकडची. दोन्ही वेळा नोंदलेल्या होत्या, अंतरं ठाऊक होती, बाकी भागाकार. याच पद्धतीने १९२९ मध्ये न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्स भूकंपानंतर एकामागोमाग एक तुटत गेलेल्या बारा तारांच्या वेळा, पुढे वीसेक वर्षांनी, मांडून बघितल्या गेल्या आणि समुद्रतळावर गाळाचे असे लोंढे धावतात हे पहिल्यांदा पटलं. शेवटची तार भूकंपानंतर तेरा तासांनी तुटली होती. संदेश नेणं एवढंच काम असलेली वस्तू तुटताना समुद्रतळाची बातमी देऊन जाते. शास्त्राला यात आनंद आहे; ज्यांचा फोन बंद पडला त्यांना तो कितपत वाटावा?

आता दुरुस्तीकडे येऊ, कारण सुट्या केबलचा हिशेब तिथेच चुकतो.

केबल गेली की किनाऱ्यावरच्या स्थानकातून तंतूमध्ये प्रकाशाचा एक ठोका सोडतात. तुटलेल्या टोकावरून त्यातला काही परत फिरतो. काचेत प्रकाश एका किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद घेतो, जाऊन-येऊन दहा. टोंगाच्या वेळी पहिल्या एक-दोन दिवसांतच सांगितलं गेलं की नुकुआलोफापासून साधारण ३७ किलोमीटरवर केबल तुटलेली आहे. म्हणजे तो प्रतिध्वनी ३७० मायक्रोसेकंदांनी परत आला असणार. देशांतर्गत केबल साधारण ४७ किलोमीटरवर. हे इतकं नेमकं ऐकलं की वाटतं, झालं, आता जाऊन जोडायचं तेवढं. पण प्रकाश पहिल्या तुटीपर्यंतच जातो. त्या टोकाने पहिली तूट दाखवली, दुसऱ्या टोकाने त्याच्या बाजूची पहिली. या दोन टोकांच्या मध्ये काय आहे, केबल जागेवर आहे, तुकडे झालेत, की वाहून गेली, हे कुठलंही यंत्र किनाऱ्यावरून सांगू शकत नाही. नांगराने तुटलेली असेल तर मधलं अंतर सहसा थोडं असतं आणि पाच-दहा किलोमीटर सुट्या केबलमध्ये काम भागतं. सगळी दुरुस्ती व्यवस्था याच अनुभवावर बेतलेली आहे. इथे मधलं सगळं गायब होतं.

जहाज पोचायलाच वेळ गेला. ते होतं पापुआ न्यू गिनीतल्या पोर्ट मोर्सबीत, टोंगापासून चार हजार किलोमीटरवर. तिथून निघून सामोआला थांबायचं, तिथे ठेवलेलं सामान चढवायचं, मग टोंगा. पॅसिफिकमध्ये अशी जहाजं मोजकी, आणि अनेक देशांच्या केबल कंपन्या वर्गणी भरून एकेक जहाज सामाईक ठेवतात, कारण एकट्याच्या केबलसाठी जहाज पोसणं कोणालाच परवडत नाही. त्यातच कोव्हिडचे दिवस. तोवर कोव्हिडमुक्त असलेल्या टोंगात नेमकं फेब्रुवारीच्या सुरुवातीला, मदतीची जहाजं लागलेल्या बंदरातल्या कामगारांत बाधित सापडले आणि टाळेबंदी लागली. जहाजाने किनाऱ्याला न लागताच काम करायचं. मधल्या काळात देश ओढला गेला तो विद्यापीठाच्या उपग्रह डिशवरून चालवलेल्या टूजीवर, आणि डिशवर राख साचली की तेही अडखळायचं.

जहाज जागेवर पोचलं की खाली गळ सोडतात. यात काही फार आधुनिक नाही. दीडशे वर्षांपूर्वीही हेच करत. दोराच्या टोकाला साखळी, साखळीला लोखंडी आकड्यांचा गळ. केबल ज्या रेषेवर असायला हवी तिला काटकोनात जहाज अगदी सावकाश, ताशी मैलभराच्या वेगाने चालवतात आणि दोरावरचा ताण दाखवणाऱ्या काट्यावर नजर ठेवतात. तळ मऊ असेल तर काटा एका जागी थरथरत राहतो. गळाला काही लागलं की तो चढत जातो. चढत जाऊन एकदम पडला तर समजायचं, दगड होता. चढून टिकला तर केबल. दोन हजार मीटर पाण्यात गळ सोडायचा, ओढायचा, वर घ्यायचा म्हणजे एका फेरीला अर्धा दिवस सहज जातो. आणि वर काय आलं ते बघितल्यावरच ती फेरी फुकट गेली की नाही ते कळतं. पाण्याखाली जाणारी यंत्रमानवासारखी वाहनंही आहेत, पण ती ज्या खोलीपर्यंत काम करतात तिला मर्यादा आहे, आणि गाळाखाली दडलेली केबल त्यांनाही सहज सापडत नाही.

टोंगात नेमकं हेच आडवं आलं. केबलचा काही भाग आपल्या मूळ रेषेपासून पाच किलोमीटर सरकलेला होता आणि ३० सेंटीमीटर गाळाखाली गेला होता. नकाशावरच्या रेषेवर गळ फिरवत बसलात तर काटा कधीच चढायचा नाही. टोक मिळेपर्यंत मागे मागे जात राहायचं, आणि जितकं मागे जाल तितकी नवी केबल जास्त लागणार. शेवटी साधारण ८० किलोमीटरचा पट्टा नव्याने घालावा लागला.

सुट्या केबलची गरज नुसत्या तुटलेल्या लांबीएवढी नसते, हेही इथे लक्षात घेतलं पाहिजे. टाकताना केबल तळावर जवळजवळ ताणून टाकलेली असते, एखाद-दोन टक्के सैल. दोन किलोमीटर खोलीवरची अशी केबल मध्येच पकडून वर आणता येत नाही, ती तुटेल. म्हणून जिथे तुटलेली नाही तिथेही आधी कापणारा गळ फिरवून ती मुद्दाम कापावी लागते, मग धरणारा गळ टाकून एकेक टोक वर आणायचं. एक टोक डेकवर आलं की त्यातून किनाऱ्याकडे चाचणी करायची: या बाजूचे सगळे तंतू ठीक, तांबं ठीक. मग ते टोक बंद करून, बोयाला (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेला) बांधून पुन्हा पाण्यात सोडायचं. जहाज दुसऱ्या टोकाकडे. ते सापडलं की त्याला जहाजातली नवी केबल जोडायची, ती तळावर सोडत सोडत बोयापर्यंत यायचं, बोया उचलून पहिलं टोक वर घ्यायचं आणि शेवटचा जोड मारायचा. पाणी दोन किलोमीटर खोल तर दोन्ही टोकं वर येण्यासाठी म्हणूनच चार-पाच किलोमीटर केबल जास्तीची लागते, मधली तूट वीतभरही नसली तरी. शेवटचा जोड सोडताना ही जादा केबल मोठा फास होऊन एका बाजूला तळावर पडते. नकाशावर मूळ सरळ रेषेला त्या जागी पोट आलेलं दिसतं. दहा ठिकाणी दुरुस्त झालेल्या केबलला दहा पोटं.

आणि तो जोड! बाहेर समुद्र जहाजाला हलवतोय आणि आत एका छोट्या, बंदिस्त खोलीत जोडकाम करणारा माणूस बसलेला. या कामाचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र वेगळं असतं, नुसता इलेक्ट्रिशियन चालत नाही. केबलची साल थराथराने सोलायची. पोलादी तारा एका शंकूसारख्या खिळ्याने पाचरीत आवळायच्या, म्हणजे पुढे टनांचा ताण येईल तो काचेवर न येता पोलादावर जाईल. मग तंतू. प्रत्येकावरचं रंगीत आवरण काढायचं, अल्कोहोलने पुसायचं, टोक काटकोनात फोडायचं. कापायचं नाही, फोडायचं. काचेला ओरखडा देऊन ताण दिला की ती आरशासारखी सपाट फुटते. दोन टोकं यंत्रात समोरासमोर ठेवली की यंत्र पडद्यावर ती मोठी करून दाखवतं, सरळ रेषेत आणतं आणि विजेच्या ठिणगीने वितळवून एक करतं. ज्यातून प्रकाश जातो तो गाभा आठ-दहा मायक्रॉनचा. तेवढ्यात चूक झाली तर पुन्हा फोडा, पुन्हा जोडा. सगळे तंतू झाले की ते एका डब्यात वेटोळी करून बसवायचे, वर साचा लावून वितळलेलं पॉलिथिलीन भरायचं आणि त्या जोडाचा एक्स-रे काढायचा. एक्स-रेत हवेचा बारीक बुडबुडा किंवा धातूचा कण दिसला तर सगळं फोडून पहिल्यापासून. हजारो व्होल्टचा दाब त्या बुडबुड्यातून वर्षा-दोन वर्षांनी वाट काढील, आणि तेव्हा पुन्हा जहाज बोलवावं लागेल. एका जोडाला बारा तास तर लागतातच, कधी चोवीस. वारा चढला, लाट मोठी झाली तर जोड अर्धवट ठेवून टोकाला बोया बांधून सोडून द्यायचं. उसन्या केबलने आणखी एक भर घातली असणार: वेगळ्या कारखान्याची केबल, आतली रचना वेगळी, म्हणजे दोन वेगळ्या जातींना एकत्र धरणारे जोडाचे सुटे भाग हवेत. ते सर्वांनी मिळून ठरवलेल्या मापाचे मिळतात म्हणूनच उसनवारी शक्य तरी होते.

सुटी केबल ठेवायची कुठे आणि किती, हा निर्णय केबल टाकतानाच होतो. कारखान्याला ऑर्डर देताना मूळ लांबीच्या वर काही किलोमीटर चिलखताची, काही किलोमीटर बिनचिलखताची, रिपीटर असतील तर एखाद-दुसरा जास्तीचा, असं मागवतात आणि एखाद्या डेपोत गोल टाकीत वेटोळं करून ठेवतात. टाकीत केबल भरणं हे अजूनही माणसांचं काम. मध्ये शंकू, त्याभोवती माणसं केबल हातात घेऊन गोल गोल चालत राहतात, बाहेरून आत एकेक फेरा लावत, एक थर झाला की दुसरा. पीळ पडू द्यायचा नाही. अशी टाकीत पडलेली केबल दहा-वीस वर्षं काहीच करत नाही. तिचं भाडं तेवढं चालू राहतं. हिशेब तपासणाऱ्याला ती नेहमीच जास्त वाटते, आणि ज्या देशाचं सगळं बजेटच छोटं, त्याने कर्ज-अनुदानातून घेतलेल्या केबलबरोबर ८० किलोमीटर सुटी घेऊन ठेवावी असं कोणता सल्लागार सुचवील? नियमाने बघितलं तर कोणाची चूक काढता येत नाही.

इथे राग कुठे काढायचा ते कळत नाही, पण थोडा येतो खरा. कारण केबल टाकण्याला पॅसिफिकमध्ये गेल्या दहा वर्षांत गर्दी आहे. सॉलोमन बेटांची केबल चीनच्या हुआवे कंपनीने टाकायची असं ठरलं होतं. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया मध्ये पडला आणि सिडनीहून पापुआ न्यू गिनी आणि सॉलोमनला ४,७०० किलोमीटरची कोरल सी केबल बहुतांश स्वतःच्या खर्चाने घालून दिली. नाउरू, किरिबाटी आणि मायक्रोनेशियाच्या केबलची जागतिक बँकेची निविदा २०२१ मध्ये सुरक्षेच्या शंकांवरून बारगळली, आणि वर्षाअखेर अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया तिघं एकत्र खर्च करायला पुढे आले. नकाशे छापून येतात, किनाऱ्यावर केबलचं टोक ओढून आणताना मंत्री वाळूत उभे राहून फोटो काढतात. लग्नाला सगळे येतात. पुढचा संसार ज्याचा त्याने करायचा. दुरुस्तीची जहाजं मात्र जुनी होत चालली आहेत आणि ज्या प्रमाणात केबल वाढतात त्या प्रमाणात वाढत नाहीत.

पूर्वी उलट होतं. केबलला बेटं लागत. १९०२ मध्ये ब्रिटिश साम्राज्याची पॅसिफिक तार पुरी झाली: कॅनडातल्या बॅमफिल्डहून फॅनिंग बेट, तिथून फिजी, तिथून नॉरफोक बेट आणि पुढे न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया. बॅमफिल्ड ते फॅनिंग हा एकच टप्पा ६,४०० किलोमीटरच्या आसपास. मध्ये जोर देणारं काही नाही, त्यामुळे फॅनिंगला संदेश उतरवून घेऊन पुढे पाठवायला माणसं ठेवावीच लागत. नारळाच्या झाडांखाली, विषुववृत्ताच्या जरा वर, जगाची एक तार त्या माणसांच्या हातून जात होती. सप्टेंबर १९१४ मध्ये जर्मन क्रूझर न्यूर्नबर्गने तिथे माणसं उतरवून तार तोडली आणि यंत्रं फोडली, इतकं त्या ठिपक्याला महत्त्व होतं. मग समुद्रातच बसवता येणारे रिपीटर आले, १९६३ ला नवी कॉम्पॅक केबल सुरू झाली आणि फॅनिंगचं काम संपलं. त्यानंतरच्या केबल बहुतेक बेटांच्या जवळून, न थांबता जात राहिल्या. फिजी तेवढं टिकलं. २००० साली सदर्न क्रॉस केबल सुव्याला लागली आणि म्हणूनच १३ वर्षांनी टोंगाने तिथेच जाऊन गाठ मारली. फॅनिंग आज किरिबाटीत आहे, ताबुआएरान नावाने.

मुंबईकराला यातलं काही परकं वाटू नये. आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक आंतरराष्ट्रीय केबल वर्सोव्याच्या थोडक्या पट्ट्यातून किनाऱ्याला लागतात, त्याच पाण्यात कोळ्यांच्या होड्या आणि जाळी, आणि केबल टाकायचं काम निघालं की नुकसानभरपाईची बोलणी. ज्यांनी २००८ च्या जानेवारीअखेरीस पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत काम केलं आहे त्यांना अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्याचे ते दिवस आठवत असतील. पण आपलं नेट तेव्हा रांगत होतं, मेलं नव्हतं. दुसऱ्या वाटा होत्या. आणि भारताचा झेंडा लावलेलं एकही केबल दुरुस्तीचं जहाज नाही, हे दूरसंचार नियामक ट्रायने २०२३ मध्ये लिहून ठेवलेलं आहे. म्हणजे आपणही वर्गणीतल्या जहाजाची वाटच बघतो. फरक एवढाच की आपण वाट बघत असताना व्हिडिओ अडकतो, टोंगाची हवाई तिकिटं, बँक आणि घरून आलेला पैसा अडकतो.

तरी नुकुआलोफाचं निभावलं म्हणायचं. खरी किंमत मोजली वावाऊ आणि हाआपाईने. राजधानीपासून या दोन बेटसमूहांना जोडणारी देशांतर्गत केबल २०१८ मध्ये सुरू झाली होती, ४०० किलोमीटरच्या आसपास. त्याच संध्याकाळी तीही तुटली, ज्वालामुखीला ती जास्त जवळ, शंभर किलोमीटरहून जास्त पट्टा खराब. जी सुटी केबल होती ती आधी आंतरराष्ट्रीय केबलला गेली, आणि जाणारच होती. एक लाख लोकांचं आधी की वीसेक हजारांचं, या प्रश्नाला दुसरं उत्तर नाही. यांच्यासाठी नवी केबल कारखान्यात बनवून घ्यावी लागली. कारखान्याची रांग, मग जहाजाची रांग. वावाऊ-हाआपाईची केबल पुन्हा चालू झाली २०२३ च्या मध्यावर, दीड वर्षाने. तोवर उपग्रह. आणि जून २०२४ च्या अखेरीस भूकंप झाला, केबल पुन्हा गेली. या वेळी लोकांनी स्टारलिंकच्या डिश आधीच आणलेल्या होत्या, परवान्याविना. सरकारने आधी त्या बंद करायला लावल्या होत्या, मग जुलैत तात्पुरता परवाना दिला.

स्टारलिंक आल्याने केबलचा प्रश्न संपला असं म्हणणारे भेटतात. पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवरून जाणारे उपग्रह भूस्थिर उपग्रहासारखे अडखळत नाहीत हे खरं, आणि २०२२ ला टोंगात ते घरोघरी वापरात असते तर त्या ३८ दिवसांचं चित्र वेगळं असतं हेही खरं. पण एका बेटावर सगळ्यांनी एकदम वापरायला घेतले की वाटणीला येतं ते किती, आणि बटण कोणाच्या हातात, हे दोन प्रश्न उरतात. केबलमालक कंपनीला तिसराही उरतो: गिऱ्हाईक डिशकडे गेलं तर सुट्या केबलच्या टाकीचं भाडं कोणी भरायचं?

टोंगाने फिजीला दुसरी केबल टाकून भागणार नाही, कारण अडचण भूगोलाची आहे. बेटांच्या पश्चिमेला ज्वालामुखींची रांग, पूर्वेला दहा हजार मीटरहून खोल टोंगा गर्ता. सुव्याला जाणारी कोणतीही रेषा ती रांग ओलांडणारच. म्हणून दुसरी वाट उत्तरेकडून ठरली आहे: पॅसिफिक ओलांडणाऱ्या हवाईकी केबलला टोंगासाठी फाट्याची सोय आधीच ठेवलेली होती, तिथून एक शाखा वावाऊला आणायची. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे पैसे आहेत. चांगली योजना आहे, वावाऊचं तर सोनं होईल. फक्त सुव्याची केबल पुन्हा तुटली तर नुकुआलोफाची सगळी वाहतूक या शाखेकडे वळवायची, आणि वावाऊपासून नुकुआलोफापर्यंत ती जाणार त्याच देशांतर्गत केबलवरून, जी २०२२ मध्ये तुटली आणि २०२४ मध्येही.